डॉक्टर येईपर्यंत

‘डॉक्टर येईपर्यंत’ हे शब्द मराठवाड्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या व्हरांड्यात कानावर पडतात. डॉक्टर येईपर्यंत सलाईन चालू ठेवा. डॉक्टर येईपर्यंत बीपी बघत राहा. डॉक्टर येईपर्यंत नातेवाइकांना बाहेर बसवा. बहुतेक दुखण्यांत अशी वाट पाहिलेली चालते. ताप तासभर दम धरतो, मोडलेलं हाड रात्रभरही धरतं. हृदय बंद पडलं तर मात्र मेंदूचा रक्तपुरवठा त्याच क्षणी तुटतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात युसूफ वडगाव हे आमचं गाव. सरकारी मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल शेजारच्या तालुक्यात, अंबाजोगाईला. गाडी दारात उभी असली आणि रस्ता मोकळा मिळाला, तरी सहा मिनिटांत युसूफ वडगावहून अंबाजोगाईला कुणी पोचत नाही. पण ही अडचण फक्त खेड्याची नाही. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातही रात्री तीन वाजता खाटेजवळ सिस्टर असते आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतात. त्या मधल्या मिनिटांत कुणी काय करायचं, हे ठरवायला वैद्यकशास्त्राला जवळपास शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांत आपला मराठवाडाही एका कोपऱ्यात हजर आहे.

उशीवरचा सराव

माझी एक मावसबहीण याच गावातली. जीएनएम करून ती आता शहरातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. तिला एसीएलएस करायचं होतं. एसीएलएस म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड कार्डियाक लाइफ सपोर्ट’. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा हा साधारण दोन दिवसांचा कोर्स. हृदय बंद पडलेल्या, किंवा पडायच्या बेतात असलेल्या माणसाला कसं हाताळायचं, ते त्यात शिकवतात. कोर्सला जाण्याआधी ऑनलाइन चाचणीत ७० टक्के मिळवावे लागतात, शेवटच्या लेखी परीक्षेत ८४ टक्के. शिवाय पुतळ्यावर प्रात्यक्षिक. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, मग पुन्हा पहिल्यापासून.

तयारीत सगळ्यात आधी येते मॉनिटरवरची रेघ वाचणं. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मॉनिटरवर चारच प्रकार दिसतात. व्हीएफ, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन: हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत असतात, रेघ वेडीवाकडी. पल्सलेस व्हीटी: रेघ रुंद आणि वेगवान, पण नाडी नाही. असिस्टोल: जवळजवळ सपाट रेघ. आणि पीईए: पडद्यावर ठोके दिसतात, बोटाला नाडी लागत नाही. पहिल्या दोघांना शॉक द्यायचा, नंतरच्या दोघांना नाही. सिनेमात सपाट रेघेवर शॉक देतात आणि हिरो उठून बसतो, ते साफ खोटं आहे.

मग छाती दाबणं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा, कारण थकलेला हात उथळ दाबतो. ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. शॉकला दाद न देणाऱ्या व्हीएफला अमियोडॅरोन, आधी ३०० मिलिग्रॅम, मग १५०. हे चालू असतानाच डोक्यात दुसरा शोध चालू ठेवायचा: हृदय बंद का पडलं? ऑक्सिजन कमी पडला का, पोटॅशियम वाढलं का, रक्त गेलं का, विष पोटात गेलं का, फुप्फुसात गुठळी अडकली का?

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला ते पुस्तक ओळखीचं वाटलं. चौकोन, बाण, हो की नाही, दोन मिनिटांनी पुन्हा वरच्या चौकोनात. नाइट ड्यूटी संपवून ती फोन करायची. मी रेघांचे फोटो पाठवायचो, ती ओळखायची. मेट्रोनोमचं ॲप ११० वर लावून ती उशीवर दाबायचा सराव करायची. इंग्रजी पुस्तकाच्या समासात तिने पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवलं होतं: ‘थरथर, शॉक. सपाट, शॉक नाही.’

अशाच एका सकाळी तिने विचारलं, “हे सगळं येतंय रे मला. पण डॉक्टर जवळ नसले तर बटण मी दाबायचं का?”

मी फ्लोचार्ट पुन्हा उघडला. त्यात ‘डॉक्टर’ असा चौकोनच नाही. टीम लीडर आहे, छाती दाबणारा आहे, श्वास देणारा आहे, मॉनिटर सांभाळणारा आहे, औषध देणारा आहे, वेळ लिहिणारा आहे. त्यातला डॉक्टर कोण आणि नर्स कोण, हे छापलेलं नाही. फ्लोचार्टमधून एखादा चौकोन गाळला जातो तेव्हा त्यामागे कुणाचा तरी निर्णय असतो, हे रोज कोड लिहिणाऱ्याला माहीत असतं. तो निर्णय कधी झाला हे शोधत मी मागे मागे गेलो.

निजामाच्या राज्यातलं भांडण

मागे जाताना एक ठिकाण अनपेक्षितपणे ओळखीचं निघालं. १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. ‘हृदय आधी बंद पडतं की श्वास?’ या प्रश्नावरचं एकोणिसाव्या शतकातलं सगळ्यात गाजलेलं भांडण त्याच संस्थानाच्या राजधानीत, निजामाच्या पैशाने झालं.

१८४७ साली एडिंबरामध्ये जेम्स सिम्पसनने भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. लगेच पुढच्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. किरकोळ शस्त्रक्रिया, धडधाकट मुलगी, आणि मरण काही क्षणांत. त्यानंतर डॉक्टरांमध्ये दोन तट पडले. एक म्हणायचा, श्वासावर लक्ष ठेवा, श्वास नीट असेल तर हृदयाला काही होत नाही. दुसरा म्हणायचा, नाडीवर बोट ठेवा, हृदय अचानक बंद पडू शकतं.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी पहिल्या तटातले, आणि कट्टर. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पाठबळावर त्यांनी १८८८ साली क्लोरोफॉर्म कमिशन बसवलं. प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या मताचाच निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजामाने १००० पौंड देऊन लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावून घेतलं. १८८९ चं दुसरं कमिशन आणखी मोठं झालं. हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकलेल्या आणि पुढे भूलतज्ज्ञ म्हणून नाव झालेल्या रूपाबाई फर्दुनजी यांचाही त्या कामात सहभाग होता. त्या काळी एक पारशी बाई टेबलाच्या डोक्याशी उभी राहून भुलीचं काम करते आहे, हे चित्र आजही थांबून पाहण्यासारखं आहे. निष्कर्ष पुन्हा तोच आला: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. ब्रंटननेही आपलं आधीचं मत बदललं.

निष्कर्ष अपुरा होता. त्याच १८८९ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या जॉन मॅकविल्यम यांनी मांडलं की माणसाचा अचानक मृत्यू होतो तेव्हा पुष्कळदा हृदय शांतपणे थांबलेलं नसतं, ते थरथरत असतं. हेच ते फिब्रिलेशन. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी प्राण्यांवर दाखवून दिलं की हलक्या भुलीत क्लोरोफॉर्म हृदयाला नेमकं या थरथरीत ढकलू शकतो. नाडीवर बोट ठेवा म्हणणाऱ्यांचं भय खरं होतं. बहिणीने समासात लिहिलेल्या ‘थरथर’ या शब्दाचं मूळ इथवर जातं.

म्हणजे रोग कळला. उपाय मात्र डॉक्टरांच्या हातातही नव्हता. १८९९ साली जिनिव्हामध्ये प्रेव्हो आणि बातेली यांना कुत्र्यांवर काम करताना दिसलं होतं की विजेचा झटका थरथर सुरू करतो आणि दुसरा झटका ती थांबवूही शकतो. त्या निरीक्षणाकडे पुढची बरीच वर्षं कुणी फारसं वळून पाहिलं नाही.

वायरमनचं मरण

विजेकडे पुन्हा लक्ष गेलं ते विजेमुळेच. विसाव्या शतकात अमेरिकेत गावोगावी तारा पोचल्या आणि खांबावर काम करणारे लाइनमन शॉक लागून मरू लागले. वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते काम ज्याच्याकडे आलं तो डॉक्टर नव्हता. विल्यम कौवेनहोवेन हा इलेक्ट्रिकल इंजिनियर होता.

१९४७ साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक या सर्जनने चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला शॉक देऊन त्याला वाचवलं. माणसाच्या बाबतीतलं ते पहिलं यश. पण त्यासाठी छाती उघडलेली असावी लागत होती. १९५६ मध्ये बॉस्टनच्या पॉल झोल यांनी बंद छातीवरून शॉक देऊन थरथर थांबवली. १९६२ च्या सुमारास बर्नार्ड लाउन आणि बरूख बर्कोविट्स हा इंजिनियर यांनी डीसी करंटचा, जास्त सुरक्षित डिफिब्रिलेटर आणला. प्राग आणि मॉस्कोमध्ये त्या दिशेने काम आधीच झालेलं होतं.

पण शॉकचं मशीन खाटेपाशी येईपर्यंत काय? त्याचं उत्तर कौवेनहोवेनच्या प्रयोगशाळेत जवळजवळ योगायोगाने सापडलं. १९५८ साली त्याचा विद्यार्थी गाय निकरबॉकर, तोही इंजिनियर, कुत्र्याच्या छातीवर जड पॅडल दाबत होता. शॉक देण्याआधीच, नुसत्या दाबण्याने, कुत्र्याच्या मांडीतल्या धमनीतला दाब क्षणभर वाढलेला त्याला दिसला. म्हणजे छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त फिरवता येत होतं. जेम्स ज्यूड या सर्जनने ते पेशंटवर आणलं. जुलै १९६० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तिघांचा लेख आला. २० पेशंट, त्यातले १४ वाचले. लेखाचा मथितार्थ असा होता की याला उपकरण लागत नाही, दोन हात पुरतात.

हे वाचताना मला आमच्याकडच्या शेतातल्या मोटरी आठवतात. रात्रीची लाइट, ओला स्टार्टर, चिखलात उघडे पाय. शॉक लागून पडलेल्या माणसाभोवती लोक जमतात, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी तळपाय चोळतं, आणि कुणीतरी जीप आणायला पळतं. आधी लाइट बंद करून मग छाती दाबायची, हे उत्तर ज्या संशोधनातून आलं ते मुळात अशाच माणसांसाठी सुरू झालं होतं.

श्वासाचं कोडं बाल्टिमोरमध्ये पीटर साफार सोडवत होते. तोंडाने तोंडात श्वास देणं खरंच पुरतं का, हे तपासायला त्यांनी स्वयंसेवकांना झोपेचं आणि स्नायू लुळे करणारं औषध दिलं, आणि कुठलंही वैद्यकीय शिक्षण नसलेल्या लोकांना त्यांना श्वास द्यायला लावलं. जमलं. शिकवायला पुतळा हवा होता. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या ऑसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने १९६० साली तो बनवला. त्याला चेहरा दिला पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीचा म्हणून युरोपभर घरोघरी लागलेल्या एका मुखवट्याचा. आज जगभरच्या नर्सेस ज्या ‘ॲनी’च्या छातीवर सराव करतात ती हीच.

एव्हाना हात, श्वास आणि शॉक ही तीनही साधनं तयार होती, आणि नाट्य सुरू झालं ते इथून पुढे. कारण ही साधनं वापरायची कुणी, हे ठरलेलं नव्हतं.

बटण कुणाचं

सुरुवातीला उत्तर सोपं वाटलं: डॉक्टरांनी. छाती दाबताना बरगडी मोडू शकते, शॉक चुकू शकतो, तेव्हा हे वैद्यकीय काम आहे आणि ते डॉक्टरच करणार. एके काळी पेशंटचा ताप थर्मामीटरने मोजणं आणि बीपी घेणं हीसुद्धा डॉक्टरांचीच कामं समजली जात. त्या मानाने डिफिब्रिलेटर फारच मोठी वस्तू.

या भूमिकेला तडा दिला घड्याळाने. मदतीविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. हे आकडे पुढचे, पण अंदाज तेव्हाही होता. एडिंबरामध्ये डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरने १९६१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की हार्ट अटॅकचे पेशंट वॉर्डभर विखरून ठेवण्याऐवजी एका जागी आणावेत, त्यांच्या ईसीजीवर सतत नजर असावी, आणि हृदय बंद पडल्यावर करायचे उपाय फक्त डॉक्टरांना नव्हे तर तिथल्या इतर कर्मचाऱ्यांनाही शिकवावेत. मे १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बेथनी हॉस्पिटलात ह्यूज डे यांनी असा अकरा खाटांचा कक्ष सुरू केला. ‘कोड ब्लू’ हा शब्द तिथलाच, असं सांगतात.

पण मॉनिटर लावल्याने नुसतं मरण दिसतं, थांबत नाही. नर्स पडद्यावर थरथर बघते, डॉक्टरांना बोलावते, डॉक्टर धावत येतात, आणि तोवर मिनिटं गेलेली असतात. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात लॉरेन्स मेल्ट्झर यांनी हा प्रश्न उलट बाजूने धरला. या कक्षाचं मुख्य यंत्र मॉनिटर नाही, मुख्य माणूस नर्स आहे, असं धरून त्यांनी रचना केली. रोझ पिनिओ या नर्ससोबत त्यांनी नर्सेसना रेघा वाचायला शिकवलं, आणि डॉक्टर नसतील तर शॉक देण्याची मुभाही दिली. १९६५ साली मेल्ट्झर, पिनिओ आणि किचेल यांचं खास नर्सेससाठी लिहिलेलं पुस्तक आलं. आज मावसबहिणीच्या बॅगेत जे पुस्तक आहे, त्याची आजी म्हणावी असं ते पुस्तक.

हे सगळ्यांना पचलं नाही. नर्सने निदान करायचं? तेही एका नजरेत? अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांत डॉक्टरांच्या आणि नर्सेसच्या संघटनांना एकत्र बसून, कुठल्या परिस्थितीत नर्सने काय करावं, हे लिहून काढावं लागलं. म्हणजे तांत्रिक शोध लागल्यावर परवानगीचा शोध वेगळा लावावा लागला. १९६६ सालच्या राष्ट्रीय परिषदेने छाती दाबण्याचं प्रशिक्षण डॉक्टरांबरोबरच इतर आरोग्य कर्मचाऱ्यांनाही द्यावं अशी शिफारस केली. १९७३ च्या परिषदेनंतर, १९७४ मध्ये छापलेल्या मानकांनी ते सामान्य लोकांपर्यंत नेलं आणि ‘ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट’ हा वेगळा टप्पा स्पष्ट केला. फ्लोचार्टमधून ‘डॉक्टर’ हा चौकोन गळाला तो या दहा-बारा वर्षांत. डॉक्टरांची गरज संपली असं कुणी म्हटलं नव्हतं. जो हजर आहे आणि ज्याला येतं, त्याने सुरुवात करायची, एवढंच मान्य झालं होतं.

आपल्याकडचा प्रश्न तर त्याच्याही आधीचा होता. नर्सचं काम चांगल्या घरच्या बायकांनी करावं का, यावरच इथे वाद होता. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, १९०९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, विधवांना आणि मुलींना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परक्यांची, परजातीच्या रोग्यांची सेवा हाच आक्षेपाचा मुद्दा होता. त्या बायकांनी लोकांची तोंडं सोसली नसती तर आजची जीएनएमची यादी इतकी लांब नसती.

नेब्रास्का आणि महाड

एसीएलएस दोन दिवसांच्या कोर्सच्या रूपात घडलं त्यात न्यूयॉर्क-बॉस्टनपेक्षा एका शेतीप्रधान राज्याचा वाटा मोठा आहे. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात स्टीव्ह कार्वेथ आणि तिथल्या डॉक्टर-नर्सेसच्या गटाने सत्तरच्या दशकात हा कोर्स उभा केला. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याच राज्यात जेम्स स्टायनर या हाडांच्या डॉक्टरचं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी. जवळच्या ग्रामीण हॉस्पिटलात मिळालेले उपचार पाहून तो हादरला. त्याच्या पुढाकाराने, एसीएलएसचाच साचा घेऊन, अपघाती जखमींसाठी एटीएलएस हा कोर्स तयार झाला. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या या दोन्ही कोर्सची जन्मकथा मक्याच्या शेतांजवळची आहे. जिथे तज्ज्ञ नाहीत तिथल्या माणसाला पहिल्या तासात काय करायचं ते कळावं, हा त्यांचा मूळ हेतू.

आपल्याकडे या हेतूचं सगळ्यात ठळक उदाहरण कोकणात आहे, आणि ते घडवणारा माणूस मराठवाड्याचा. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. सत्तरच्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं मरत होती. विंचवाचं विष हृदयावर आणि रक्तदाबावर घाव घालतं, फुप्फुसात पाणी भरतं. बावस्करांनी खाटेशेजारी बसून, तासातासाला नोंदी करत हे टिपलं. १९८२ पासून त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये येऊ लागली. प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत खाली आणता येतं, हे त्यांनी दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामाचं मोल फक्त शोधात नाही. शोध त्यांनी एका गोळीत बसवला, जी कुठल्याही आरोग्य केंद्राच्या कपाटात राहते आणि मोठ्या हॉस्पिटलची वाट न पाहता सुरू करता येते. मेल्ट्झरने फिलाडेल्फियात केलं तेच हे: ज्ञान खाटेजवळच्या माणसाच्या हातात उतरवणं.

उरलेलं अंतर

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या. गाडीत डॉक्टर असतो. खेड्यापाड्यांत या गाड्यांनी जीव वाचवले आहेत हे कुणी नाकारणार नाही. पण गाडीला यायला वेळ लागतो आणि हृदयाचं घड्याळ गाडी निघाल्यावर सुरू होत नाही.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये आपल्या परिस्थितीला साजेशी तीन पायऱ्यांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबणं, त्यात तोंडाने श्वास देण्याची अट नाही. प्रशिक्षितांसाठी हॉस्पिटलबाहेरची पद्धत वेगळी. आणि हॉस्पिटलातल्यांसाठी औषधं-शॉकसह पूर्ण पद्धत. हैदराबादच्या भांडणापासून निघालेल्या रस्त्याचा हा आपल्याकडचा टप्पा.

मावसबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र इतिहासात नव्हतं, तिच्या वॉर्डातच होतं. तिने इनचार्ज सिस्टरना विचारलं. हॉस्पिटलच्या लेखी नियमांत ते होतंच: एसीएलएस केलेली नर्स, शॉक देण्याजोगी रेघ असेल तर डॉक्टरांची वाट न पाहता शॉक देऊ शकते. फाइल कपाटात होती, तिच्या बॅचमधल्या कुणी ती वाचलेली नव्हती. तिने त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कोर्सच्या तयारीत रेघा आणि डोस पाठ करण्याइतकंच हेही यावं असं मला वाटतं. आपल्या हॉस्पिटलात ही परवानगी कुठे लिहिली आहे? लिहिली नसेल तर ती लिहून घ्यायला कुणाला भेटायचं? क्रॅश कार्टची किल्ली कुणाकडे असते? डिफिब्रिलेटर शेवटचा चार्ज कधी झाला? पुस्तकात नसलेले हे प्रश्न घटना घडायच्या आधीच विचारावे लागतात.

खरं तेही सांगायला हवं. सगळं बरोबर केलं तरी हृदय बंद पडलेली बहुतेक माणसं वाचत नाहीत. टीव्हीवर वाचतात तितकी तर नाहीतच. ज्या नर्सने वीस मिनिटं छाती दाबली आणि मग वेळ लिहून हात धुतले, तिच्यासाठी कोर्समध्ये एक छोटा भाग असतो: घटनेनंतर टीमने बसून बोलायचं, काय जमलं, काय राहिलं. आपल्याकडे ते बोलणं बहुधा पुढच्या पेशंटच्या बेलमध्ये विरून जातं.

आणि कोर्स असतो शहरात, इंग्रजीत, फी बऱ्याचदा स्वतःच्या पगारातून. मराठी माध्यमात दहावी करून केज-अंबाजोगाईला नर्सिंग शिकलेल्या मुलीला ‘रिव्हर्सिबल कॉजेस’ पाठ करताना आधी इंग्रजीशी झुंजावं लागतं, मग हृदयाशी. हैदराबाद संस्थानाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ काढलं तेव्हा तिथे उच्च शिक्षण उर्दूतून दिलं जाई, पुढे वैद्यकसुद्धा. त्या धोरणात मराठी बोलणाऱ्या मराठवाड्याची भाषा मागेच राहिली, ही तक्रार खरी. पण अवघड शास्त्र आपल्या भाषेत शिकवता येतं, हे त्याच राज्यात सिद्ध झालं होतं. समासात पेन्सिलीने लिहिलेलं ‘थरथर, शॉक’ हे मराठीतलं एसीएलएसच आहे, फक्त छापलेलं नाही.

युसूफ वडगावसारख्या गावात उद्या कुणी आयसीयू काढणार नाही, आणि त्याची वाट पाहायचं कारणही नाही. आशाताईंची बैठक दर महिन्याला होतेच. त्या बैठकीत अर्धा तास एक पुतळा सतरंजीवर ठेवायचा. सिस्टरने मोठ्याने मोजायचं, आशाताईंनी दाबायचं, दोन मिनिटांनी हात बदलायचा. पुढच्या महिन्यात वायरमनला, शाळेतल्या सरांना, रिक्षावाल्यांना बोलवायचं. पहिल्या बैठकीत हात नीट पडणार नाहीत. म्हणून दुसरी घ्यायची.